वरून लावायचे औषध

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात हिशेब, आकडेवारी आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एखादा आरोग्यविषयक लेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा असते. यंदा ते काम त्वचारोग विभागाकडे आले. विषयाचा शोध फारसा घ्यावा लागला नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्णास "सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले, की गोळ्यांची नावे सांगितली जातात, मागच्या महिन्यातील इंजेक्शनाची आठवण निघते, काढ्याचाही उल्लेख होतो. मलमाचे नाव मात्र कोणी घेत नाही. खोदून विचारले तर उत्तर येते, "ते होय? ते काय, वरून लावायचं आहे." या 'वरून' शब्दात जो निर्धास्तपणा दडलेला आहे, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

प्रारंभी एक प्रसंग. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून त्यातील किरकोळ तपशील बदलले आहेत.

सात महिन्यांचे एक बाळ तापासाठी बालरोग विभागात आले. सोबत आई व आजी. बाळाचे गाल इतके गुबगुबीत, की दोन्ही बाजूंनी ओठांवर आलेले. मानेला वळी, पोट गोल. आजींच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हते. "कसं बाळसं धरलंय बघा," असे त्या प्रत्येक परिचारिकेला सांगत होत्या. बालरोगतज्ज्ञांना मात्र दोन गोष्टी खटकल्या. ताप साधा असूनही बाळ त्या मानाने फारच मलूल होते. आणि लसीकरणाच्या कार्डावर वजनाची रेघ वर चढत असताना उंचीची रेघ तीन महिने एकाच जागी थबकलेली होती. खाऊनपिऊन बाळसे धरणाऱ्या मुलाची उंचीही वाढते. वजन वाढावे आणि उंची थांबावी, हे लक्षण वेगळे.

औषध काही चालू नाही, असे आईने दोनदा सांगितले. डायपर काढल्यावर उलगडा झाला. जांघेची त्वचा पातळ व चकचकीत झालेली, खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. चौथ्या महिन्यात तेथे लाली आली होती. शेजारणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलम आणले गेले. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून विश्वास बसला. थांबवले की लाली परत येई, म्हणून दर वेळी डायपर बदलताना, दिवसातून पाच-सहा वेळा, मलम लावणे सुरू राहिले. त्या नळीत बुरशीवरील औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल हे अतितीव्र स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र होती. सकाळी आठ वाजता बाळाचे रक्त तपासले, तेव्हा शरीर स्वतः तयार करते ते कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतेच. गालांवर दिसत होते ते बाळसे नव्हते. हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने 1932 साली ज्याचे सविस्तर वर्णन केले, त्या विकाराचे ते चंद्रासारखे वाटोळे मुख होते. कुशिंग यांच्या रुग्णांत त्याचे मूळ शरीरातील ग्रंथीत होते. येथे ते मूळ जांघेतील मलमात होते.

हे घडते कसे, हे समजण्यासाठी त्वचेची थोडी ओळख हवी. आपण तिला भिंत समजतो, आणि ती बऱ्याच अंशी भिंतच आहे. परंतु या भिंतीचे खरे काम करणारा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी अवघा 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढा जाड असतो. मृत, चपट्या पेशी या त्यातील विटा, आणि त्यांच्या मधले स्निग्ध पदार्थ हा चुना. पाणी बाहेर जाऊ नये आणि जंतू आत येऊ नयेत, यासाठी ही रचना उत्तम. मात्र आकाराने लहान व स्निग्धात विरघळणारा रेणू या चुन्यातून वाट काढतो, खालच्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि रक्तात मिसळतो. स्टिरॉइडांचे रेणू नेमके असेच असतात. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पोटातून घेतलेले औषध प्रथम यकृतातून जाते आणि तेथे त्याचा काही भाग निकामी होतो. त्वचेवाटे शिरलेल्या औषधाला आरंभीचा हा जकातनाका लागत नाही.

ही भिंत सर्वत्र सारखीही नाही. फेल्डमन व मायबाख या अमेरिकी संशोधकांनी 1967 साली हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टिरॉइड शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून ते कोठून किती शोषले जाते, हे मोजले. हाताच्या पुढच्या भागाच्या आतील बाजूवरून होणारे शोषण एक धरले, तर तळपायावरून ते 0.14, डोक्याच्या त्वचेवरून 3.5, कपाळावरून 6, जबड्याच्या कोपऱ्यावरून 13 आणि अंडकोशाच्या त्वचेवरून 42 इतके भरले. एकच मलम, एकच मात्रा. केवळ जागा बदलली आणि शरीरात जाणारे औषध कित्येक पटींनी बदलले. तळपायाच्या भेगेसाठी दिलेले मलम "घरात आहेच" म्हणून चेहऱ्याला किंवा जांघेला लावले जाते, तेव्हा घरातील कोणास हा हिशेब ठाऊक नसतो. रुग्णास तो ठाऊक असावा अशी अपेक्षाही नाही. पण सांगणाऱ्याने सांगायला हवा.

त्यात जागा झाकलेली असेल, तर शोषण आणखी वाढते. मलमावर प्लॅस्टिक गुंडाळले की त्वचा ओलावते, फुगते आणि तिचे दरवाजे सैल होतात. डायपर हे दुसरे काय आहे? सुजलेली, सोललेली त्वचा तर अर्धी उघडीच असते. शिवाय बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या दोन ते अडीच पट असते. म्हणजे तेवढ्याच जागेवर लावलेल्या मलमाचा भार लहान देहावर अधिक पडतो. नाजूक जागा, लाल झालेली कातडी, वरून डायपर, लहान देह आणि तीव्र औषध, इतक्या गोष्टी त्या बाळाच्या बाबतीत एकत्र आल्या होत्या. यात आईची चूक कितीशी मानावी? तिच्या हाती आलेल्या नळीवरील अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नव्हती.

प्रौढांनीही निश्चिंत राहू नये. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकातच नमूद असते, की दिवसाला दोन ग्रॅम इतक्या अल्प मलमानेही काही प्रौढांच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. म्हणून हे औषध आठवड्यास 50 ग्रॅमपेक्षा अधिक व सलग दोन आठवड्यांहून जास्त काळ वापरू नये आणि 12 वर्षांखालील मुलांना देऊ नये. दोन ग्रॅम म्हणजे किती, याचे घरगुती माप असे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून मलमाची रेघ काढली, तर ते अर्धा ग्रॅम होते आणि दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. अशा चार रेघा म्हणजे दोन ग्रॅम. किंवा त्याहूनही सोपे, 30 ग्रॅमची नळी पंधरवड्यात संपत असेल, तर आपण त्या मर्यादेवर आहोत.

या ग्रंथी मंदावतात म्हणजे काय होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण धोका तेथेच आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी रक्तातील कॉर्टिसॉलवर अखंड नजर ठेवून असते. ते कमी पडले, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना ती आदेश पाठवते. बाहेरून स्टिरॉइड येत राहिले, की तिला कोठार भरलेले दिसते आणि आदेश थांबतात. महिनोन्‌महिने काम नसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. मलम चालू असते तोवर फक्त सूज, वाढणारे वजन, चढलेला रक्तदाब, मधुमेही व्यक्तीची अनाकलनीय रीतीने वाढलेली साखर, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, अशी लक्षणे दिसतात किंवा दिसतही नाहीत. खरी कसोटी लागते ती मलम एकाएकी बंद झाल्यावर. ताप, अतिसार, शस्त्रक्रिया अशा संकटसमयी निरोगी शरीर कॉर्टिसॉलचे उत्पादन कित्येक पटींनी वाढवते. आक्रसलेल्या ग्रंथींना ते साधत नाही. रक्तदाब उतरतो, साखर घटते, रुग्ण ग्लानीत जातो. त्या बाळाचा मलूलपणा हाच होता. म्हणून अशी शंका आली असता आमचे पहिले सांगणे पुष्कळांना चमत्कारिक वाटते: नळी आजच फेकून देऊ नका; ती घेऊन या.

स्टिरॉइड हा शत्रू आहे, असा ग्रह मात्र कृपा करून होऊ देऊ नये. 1952 साली सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवले, तेव्हा त्वचारोगशास्त्राचे रूपच पालटले. इसबाने रात्रभर अंग ओरबाडणारी मुले शांत झोपू लागली. योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, ठरावीक दिवस लावलेले स्टिरॉइड मलम सुरक्षित असते आणि ते भीतीपोटी न लावल्यामुळे हाल सोसणारी मुलेही आम्ही पाहतो. अपाय होतो तो औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत यांपैकी एकही ठाऊक नसताना केलेल्या वापराने. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अनेक केंद्रांच्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यास स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. कोणी गोरेपणासाठी, कोणी मुरुमांसाठी. पुढे 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची बाह्य वापराची मलमेही शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येणार नाहीत असे ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरात बंदी घातलेल्या 328 संयुक्त औषधांत काही मलमेही होती. कायदा कागदावर चांगला आहे. तो दुकानाच्या काउंटरपर्यंत किती पोहोचला, हे आमच्या बाह्यरुग्ण विभागातील पिशव्या दर सोमवारी सांगतात.

त्वचेतून औषध आत जाते, हे ज्ञान वैद्यकास नवे नाही. नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटक कारखान्यांतील कामगारांचे डोके आठवड्याच्या पहिल्या दिवशी भयंकर दुखत असे. त्वचा व श्वास यांवाटे शिरणाऱ्या त्या द्रव्याची शरीराला झालेली सवय रविवारच्या सुट्टीत मोडत असे. हेच द्रव्य 1879 साली लंडनच्या विल्यम मरेल यांनी हृदयशूळावर उपयोगी ठरवले, आणि त्यानंतर शंभरएक वर्षांनी ते छातीवर चिकटवायच्या पट्टीतून दिले जाऊ लागले. आज वेदनाशमनासाठी फेंटानिलची आणि तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनची पट्टी वापरली जाते. पट्टी लावून हृदयाला वा मेंदूला औषध पोहोचवता येते हे आपण मान्य करतो, आणि मलम मात्र त्वचेवरच थांबते असे धरून चालतो. हा विरोधाभास कधी आपल्या ध्यानात येत नाही.

या गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत 1972 साली फ्रान्सने मोजली. तेथे बाळांच्या अंगाला लावायच्या एका पावडरमध्ये कारखान्यातील चुकीमुळे हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. जांघेवर भुरभुरलेली पावडर त्वचेतून मेंदूपर्यंत पोहोचली. दोनशेहून अधिक बालके आजारी पडली आणि 36 जण दगावले. प्रारंभी कोणास पावडरचा संशयही आला नाही, यात नवल नाही. पावडरला औषध कोण म्हणतो?

आपल्या घरांत याच्या लहान आवृत्त्या असतात. सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या छातीला खोबरेल तेलात कापूर विरघळवून चोळण्याची रीत जुनी आहे. कापूर त्वचेतून व श्वासातून आत जातो आणि लहान मुलांत त्यामुळे आकडी आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दोन वर्षांखालील मुलास तो लावू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो. सांधेदुखीच्या बाममधील विंटरग्रीनचे तेल ॲस्पिरिनच्याच कुळातील असते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले, वॉरफरिन घेणारे गृहस्थ गुडघ्यांना रोज सढळ हाताने बाम चोळतात, आणि त्यांच्या रक्ताची गोठण्याची तपासणी एकाएकी का बिघडली याचा शोध भलतीकडेच चालतो. सोरायसिससाठी सॅलिसिलिक आम्लाचे मलम सर्वांगास लावणाऱ्या रुग्णाच्या कानांत घणघण सुरू झाली, श्वास वेगाने चालू लागला, तर तेही याच कुळाचे काम. खरजेसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे लिंडेन गरम पाण्याने आंघोळ करून लगेच, किंवा पुनःपुन्हा लावल्यास आकडी आणू शकते. आता परमेथ्रिन उपलब्ध असताना जुन्या बाटलीचा मोह धरू नये. नवजात बाळाच्या मोठ्या जखमेवर पोव्हिडोन आयोडीन वारंवार लावले तर थायरॉइडचे काम मंदावू शकते, हे रुग्णालयांनीही ध्यानात ठेवायचे आहे.

केस काढण्याच्या लेसर उपचारापूर्वी बधिरता आणणारे मलम पायांना फासून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यामुळे अमेरिकेत दोन तरुणींना प्राण गमवावे लागले, आणि 2007 साली तेथील औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. ही गोष्ट शहरांतील ब्यूटी पार्लरांनी वाचावी अशी आहे. मलम लावणाऱ्याखेरीज दुसऱ्यालाही बाधते: युरोपात अलीकडे काही तान्ह्या बाळांच्या अंगावर अकारण लव वाढली, तेव्हा शोध घेता वडील टक्कल पडू नये म्हणून डोक्यास मिनॉक्सिडिल लावत असल्याचे उघड झाले. संपर्क थांबताच लव गेली.

गोरेपणाच्या क्रीमचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, तरी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. केरळमधील मूत्रपिंडतज्ज्ञांना जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रावाटे प्रथिने जाण्याच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण आढळले. त्यांपैकी पंधरा जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार होता, आणि त्या पंधरांतील तेरा जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. अशा क्रीममधील पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आपल्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनांत पारा मुद्दाम घालण्यास मनाई आहे आणि नकळत आलेला पाराही, डोळ्यांची प्रसाधने वगळता, दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. पण लेबल, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक यांपैकी काहीच नसलेली डबी नियम वाचत नाही. पायांवर सूज आणि लघवीला फेस घेऊन येणाऱ्या तरुण मुलीस आता आम्ही चेहऱ्याला काय लावतेस, हेही विचारतो.

या निमित्ताने देणगीदारांस एक विनंती करावीशी वाटते. तिचा राग मानू नये. ग्रामीण आरोग्य शिबिरांसाठी आपण उदार मनाने औषधे पाठवता. त्यांत घरी उरलेल्या, अर्ध्या वापरलेल्या मलमांच्या नळ्याही असतात. हेतू निर्मळ असतो. परंतु शिबिरात दिवसाला शेकडो रुग्ण पाहिले जात असता खाजेवर "हे लावा" म्हणून दिलेली तिहेरी मलमाची नळी पुढे त्या घरातील आजीच्या नायट्याला, सुनेच्या चेहऱ्याला आणि नातवाच्या जांघेलाही लागते. शिबिर आटोपून आम्ही परततो; नळी संपली की तीच पुन्हा दुकानातून आणली जाते. यापुढे त्वचारोगाच्या शिबिरांत तीव्र स्टिरॉइड असलेली संयुक्त मलमे वाटू नयेत, असे आमच्या विभागाने ठरवले आहे. त्याऐवजी साधे बुरशीनाशक मलम, परमेथ्रिन, झिंकचे मलम आणि पेट्रोलियम जेली यांसाठी निधी दिल्यास तो अधिक कारणी लागेल. बाळाच्या लालीला बहुधा झिंकचे मलम, वरचेवर डायपर बदलणे आणि दिवसातून काही वेळ जागा उघडी ठेवणे एवढे पुरते. यात दानाचे समाधान कमी दिसते खरे, कारण जेली लावून दोन दिवसांत चमत्कार होत नाही.

रुग्णांच्या आप्तांनीही एवढे करावे. रुग्णालयात येताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर घरातील मलमे, तेले, बाम, क्रीमच्या डब्या, चिकटपट्ट्या, सारे एका पिशवीत घालून आणावे. नाव पुसलेली नळीही चालेल. गर्भवती स्त्रीने, मधुमेही व्यक्तीने आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाने तर अवश्य. पापण्यांभोवती स्टिरॉइड लावल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो, म्हणून नेत्रविभागात जातानाही ही पिशवी सोबत असावी.

त्या बाळाचे तीव्र मलम आम्ही बंद केले आणि शरीराला हवे तेवढे हायड्रोकॉर्टिझोन तोंडावाटे सुरू केले. ताप आल्यास मात्रा वाढवायची, उलट्या झाल्यास तडक रुग्णालय गाठायचे, हे आईला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तो कागद तिने देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवल्याचे नंतर कळले. मात्रा हळूहळू उतरवत नेली. काही महिन्यांनी सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे दिसू लागले आणि औषध थांबवता आले.

त्यानंतरच्या भेटीला आजीही आल्या होत्या. बाळ आता धरून उभे राहत होते. गाल ओसरले होते, हनुवटी दिसू लागली होती. आजी काहीशा नाराज होत्या. "चांगलं अंग धरलं होतं हो पोरानं, सगळं उतरलं," असे त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. आईने काही उत्तर दिले नाही. पिशवीतून लसीकरणाचे कार्ड काढून तिने ते टेबलावर ठेवले आणि उंचीची रेघ जेथून पुन्हा वर निघाली होती, तेथे बोट ठेवले.